शिफ्ट छोटीकडे, बाण माझ्याकडे

दिवाळीत भाचा आला होता वडोदऱ्याहून, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय वर्षं ११. ताटातल्या करंज्या, चकल्या सगळं बाजूला सारून नुसती शेव खात बसला होता (आजोळ इंदूरचं म्हटल्यावर दुसरं काय होणार) आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर धडाधड गोळ्या झाडत होता. मान वर न करताच विचारतो, मामा, तुझा ऑल टाइम फेवरेट गेम कोणता? म्हटलं प्रिन्स ऑफ पर्शिया. तर म्हणे तो थ्रीडीवाला? म्हटलं नाही रे, तो खूप नंतरचा, मी पहिला म्हणतोय, १९८९ चा. त्याने तिथल्या तिथे गूगल केलं, फोटो बघितला आणि एवढंच म्हणाला, "बस?"

त्या "बस?" पायी ही पोस्ट. कारण तेव्हा त्याला धड काही सांगताच आलं नाही मला, ग्राफिक्सवर जाऊ नको वगैरे काहीतरी पुटपुटलो आणि तो परत गोळ्या झाडायला लागला, मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या डोक्यात तेच, की खरंच का बुवा? एवढे गेम खेळलो. टीव्हीला जोडायच्या त्या पिवळ्या कॅसेटवाल्या गेमवर काँट्रा खेळून अंगठ्याला घट्टे पडले, सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून काउंटर स्ट्राइक खेळलो, रोड रॅशमधे बाईकवरून लोकांना साखळ्या मारल्या, एज ऑफ एम्पायर्सपायी इंजिनिअरिंगचं एक अख्खं सेमिस्टर गेलं (घरी अजून माहीत नाही). पण झोपेतून उठवून विचारलं तरी तोंडून प्रिन्सच निघेल.

तर आधी कॉम्प्युटर कुठून आला ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२००२ साल. आम्ही इंदूरला रामबागेत राहायचो, खाली घरमालक, वर आम्ही. काकांचं सियागंजात ऑफिस होतं, तिथे नवीन पेन्टियम आले तेव्हा जुना ४८६ कॉम्प्युटर धूळ खात पडला, तो काकांनी "पोरांना शिकायला होईल" म्हणून आम्हाला देऊन टाकला. मी मॉनिटर मांडीवर घेऊन ऑटोत बसलो आणि पूर्ण रस्ता ऑटोवाल्याला भिया हळू, भिया हळू करत आलो. घरी आल्यावर हॉलमधे टीव्हीच्या शेजारी त्याची प्रतिष्ठापना झाली, आईने लगेच क्रोशाचा रुमाल काढून वर घातला, सीपीयूला वेगळा, कीबोर्डला वेगळा, आणि बाबांनी हळद-कुंकू लावलं ते फ्लॉपी घालायच्या फटीच्या बरोबर वरती. जगात सगळीकडे तेव्हा विंडोज एक्सपी आलेलं होतं आणि आमच्याकडे काळ्या स्क्रीनवर सी कोलन टिंब टिंब करत बसलेला हा म्हातारा. नवीन कुठलाच गेम त्यावर चालायचा नाही. शिकायला फार काही झालं नाही, पण क्लासमधल्या एका मुलाने एक फ्लॉपी दिली, तिच्यावर "मार्च हिशोब" असं लिहून खोडलेलं आणि खाली निळ्या पेनाने "प्रिन्स". अख्खा गेम त्या एका फ्लॉपीत. भाच्याच्या गेमचा आठवड्याचा अपडेट याच्या शेकडोपट असतो.

गोष्ट तशी चार ओळींची आहे. सुलतान लढाईवर गेलाय, मागे वजीर जाफर गादी बळकावून बसलाय, राजकन्येला म्हणतो माझ्याशी लग्न कर नाहीतर मर, विचार करायला एक तास. आणि तिचा जो आवडता तो तळघरात कैदेत. म्हणजे आपण. अंगावर पांढरे कपडे, पायात काही नाही, हातात काही नाही, तलवारसुद्धा आधी शोधायची. साठ मिनिटं, खरीखुरी, घड्याळातली. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरुवातीपासून पण गेलेला वेळ गेला. लाइफ किती उरल्या हा प्रकारच नाही, कितीही वेळा मरा, वेळ पुरवून मरा.

आता यात इंदूरची लाईट जोडा. तेव्हा मध्य प्रदेशात विजेचं काय चाललं होतं ते ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत, पुढच्याच वर्षीची, २००३ ची निवडणूक बिजली-सडक-पानी याच्यावरच गाजली. आमच्याकडे सकाळी ठरलेल्या वेळी जायची आणि संध्याकाळी तिच्या मर्जीने. यूपीएस कुठला, इथे इमर्जन्सी लॅम्प एकच, तोही स्वयंपाकघराचा. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून गेम सेव्ह करता यायचा पण ते आम्हाला महिनाभर माहीतच नव्हतं, त्यामुळे सहाव्या लेव्हलपर्यंत घाम गाळून पोचायचं आणि खट्. "लाईट चालली गेली!" असं आम्ही ओरडायचो. पुण्याचे आतेभाऊ सुट्टीत आले की या वाक्यावर लोळून हसायचे, चालली कुठे, लाईट काय पायांनी चालते का वगैरे. त्यांना काय कळणार, तिकडे नुसती जायची, आमची खरंच चालली जायची, नेसून-सवरून.

बरं. एक कॉम्प्युटर आणि आम्ही दोघं, मी पंधराचा, माझी धाकटी बहीण छोटी अकराची. (नाव वेगळं आहे पण घरात छोटीच, आता चाळिशीकडे निघाली तरी छोटीच.) आळीपाळीने खेळायचं ठरलं होतं पण "माझा चान्स अजून संपला नाही" यावरून रोज रामायण, शेवटी आईने निकाल दिला की एकत्र खेळा नाहीतर रुमाल घालून ठेवून देते. आता एकाच माणसाचा गेम दोघांनी एकत्र खेळायचा कसा? तर आम्ही कीबोर्ड वाटून घेतला. मी उजवीकडे बसायचो, बाण माझ्याकडे, म्हणजे पळणं, उडी, वाकणं, चढणं. छोटी डावीकडे, तिच्याकडे एकच बटण, शिफ्ट.

ऐकायला अन्याय वाटतो, आणि मी तो अन्याय म्हणूनच केला होता, पण चार दिवसांत कळलं की हा गेम अर्धा शिफ्टवरच चालतो. तलवारीचा वार, शिफ्ट. औषधाची बाटली उचलून पिणं, शिफ्ट. धावायच्या ऐवजी एकेक पाऊल जपून टाकायचं असेल तर माझा बाण आणि तिचं शिफ्ट एकाच वेळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उडी मारून पलीकडची कड पकडायची असेल तर हवेत असताना तिने शिफ्ट दाबायचं आणि मी वरचा बाण दाबेपर्यंत धरून ठेवायचं. तिने सोडलं की प्रिन्सचे हात सुटले. मग आमचं "धर! धर! धर!... आता सोड!... मार त्याला, मार ना, मार!" असं जे चालायचं ते ऐकून खालच्या मालकीणबाई एकदा खरोखर वर आल्या होत्या, आईला म्हणाल्या पोरं जिवावर उठलीत का एकमेकांच्या.

आणि इथेच मला वाटतं पहिलं कारण आहे, की का हा आणि बाकीचे का नाही. मारिओ घ्या. मारिओला उडी मारल्यावर हवेत असताना विचार बदलता येतो, अर्ध्यातून मागे फिरवता येतं. छान वाटतं पण ते माणसाचं पळणं नाही, चेंडूचं आहे. प्रिन्सचं तसं नाही. बाण दाबला की हा आधी अंग पुढे झोकतो मग पळतो, बाण सोडला तरी लगेच थांबत नाही, टाचा रोवत घसरतो आणि तेवढ्या घसरण्यात पुढे खड्डा असेल तर राम म्हणा. उडी मारली ती मारली, परत घेता येत नाही. एक मजला पडला तर उठतो, दोन मजले पडला तर खाली जे लाल त्रिकोण असतात (सुरुवातीला तीन) त्यातला एक कमी, तीन मजले पडला की खेळ खलास आणि तो आवाज, आमच्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते, आतला तो टुक-टुक वाजणारा बझर, त्यातूनसुद्धा हाड मोडल्यासारखं वाटायचं. जमिनीतून खिळे येतात, त्यावरून धावलात तर मेलात, पण हळू चालत गेलात तर काहीही होत नाही, अगदी खिळ्यांच्या मधून जातो. काही फरश्या पाय पडताच थरथरतात, मग कोसळतात. छोटी प्रत्येक नवीन फरशीवर म्हणायची, आधी उभ्या उभ्या उडी मार, बघू हलते का. सैल फरशी असली की जागच्या उडीने खडखडायची. हे तिने स्वतः शोधलं होतं, मला कबूल आहे.

भाच्याला मी नंतर लॅपटॉपवर लावून दिला तेव्हा पहिल्या दहा सेकंदात खड्ड्यात गेला आणि म्हणाला, "मामा, लॅग आहे." म्हणजे बटण दाबल्यावर गेम उशिरा हलतो. लॅग नाही रे बाबा, वजन आहे त्याला.

हे वजन कुठून आलं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हा मी छोटीला रात्री साडेअकराला फोन केला होता. ज्याने हा गेम बनवला तो जॉर्डन मेकनर, अमेरिकन, येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याचा पहिला गेम कराटेका १९८४ मधे आलेला. पुढच्या वर्षी त्याने काय केलं, तर आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत त्याला पळ, उडी मार, कठड्याला लोंबकळ, वर चढ, असं करायला लावून व्हिडिओ काढला. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम थांबवून, तिचे फोटो काढून, शरीराचा आकार उठून दिसावा म्हणून काळ्या शाईने आणि पांढऱ्या खोडद्रव्याने रंगवून, एकेक चित्र कॉम्प्युटरमधे चढवलं. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात, सिनेमावाले पूर्वीपासून करायचे. म्हणजे आमचा प्रिन्स जो घसरतो, धडपडतो, कड पकडून धापा टाकल्यासारखा वर येतो, तो कुणाचा तरी धाकटा भाऊ आहे, मोठ्या भावाने पुन्हा पुन्हा पळायला लावलेला. तलवारबाजी मात्र दोघांनाही येत नव्हती, ती १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातल्या शेवटच्या झुंजीवरून उचलली. आणि संगीत वडिलांचं! सगळं घरचंच कार्य. करायला किती वर्षं, तर जवळजवळ चार, १९८५ ते ८९. आणि एवढं करून ज्या अ‍ॅपल टू वर बनवला ते मशीनच तोवर बाजारातून उठत आलेलं, त्यामुळे सुरुवातीला फारसा खपलाही नाही, आमच्या ४८६ सारख्या पीसींच्या डॉस वगैरेवर आला आणि मग जगभर पसरला, पसरत पसरत रामबागेत, "मार्च हिशोब"च्या फ्लॉपीतून.

पण हे सगळं पहिलं कारण झालं. खरं कारण दुसरं आहे आणि त्याच्यासाठीच मी एवढी पाल्हाळ लावलीय.

चौथ्या लेव्हलला बाहेर पडायचं दार उघडलं की परतीच्या वाटेवर एक आरसा उभा असतो. आधी नव्हता, आता आहे. दुसरी वाटच नाही. आम्ही तीन दिवस त्या आरशासमोर उभे राहिलो, वाकून बघितलं, शिफ्ट दाबून बघितलं, छोटीने तर स्क्रीनवर हात लावून बघितला. चौथ्या दिवशी वैतागून मी लांबून पळत येऊन थेट आरशातच उडी मारली. प्रिन्स आरपार गेला आणि आरशाच्या त्या बाजूने अजून एक प्रिन्स उडी मारून उलट्या दिशेला पळून गेला. काळपट, झिरमिळ्या, भुतासारखा. आणि आपले त्रिकोण सगळे जाऊन एकच उरला. छोटी माझ्या दंडाला इतकी जोरात चिमटली की वळ उठला होता. (एकदा संध्याकाळच्या वेळी एवढं बघितल्यावर ती दोन दिवस बाथरूमच्या आरशात न बघता तोंड धुवायची.)

मग तो भूतोबा मागेच लागतो. पाचव्या लेव्हलला आपल्याला हवी असलेली मोठी बाटली आपल्या डोळ्यांदेखत येऊन पिऊन जातो. सहाव्याला तर हद्द करतो, आपण उडी मारून पलीकडे पोचणार एवढ्यात तो त्या बाजूला बटणावर पाय ठेवतो, जाळीचं दार धाडकन खाली आणि आपण खोल खाली, सातव्या लेव्हलमधे. त्याला आम्ही काय काय शिव्या दिल्यात, मराठी-हिंदी-माळवी सगळ्या, मला दिवसभर शाळेत तोच दिसायचा. बाकीचे शिपाई मारायचे म्हणून मारायचो, पण याच्यावर राग होता. मधे आठव्या लेव्हलला एक पांढरा उंदीर येतो, आपण जाळीमागे अडकलेले असतो आणि राजकन्येने पाठवलेला हा उंदीर येऊन बटणावर चढून दार उघडून जातो, काहीच करायचं नसतं, नुसतं थांबायचं. छोटीचा तो उंदीर एवढा लाडका झाला की गेममधे राजकन्या नसती तरी चाललं असतं तिला. पण मी थांबणाऱ्यातला नव्हतो, मला तो सावलीवाला पाहिजे होता.

मधे एक लज्जास्पद प्रकरण झालं तेही सांगून टाकतो. त्याच फ्लॉपीवाल्या मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं, की सुरू करताना प्रिन्सच्या पुढे मेगाहिट टाईप कर. केलं. मग शिफ्ट आणि एल दाबलं की पुढची लेव्हल, के दाबलं की समोरचा शिपाई आपोआप आडवा, अधिकचं चिन्ह दाबलं की मिनिटं वाढतात. दोन दिवस राजासारखे खेळलो आणि तिसऱ्या दिवशी कोणालाच कॉम्प्युटर लावावासा वाटेना. आई विचारायला लागली काय भांडलात का. मग ते पान फाडून टाकलं आणि परत पहिल्यापासून, साठ मिनिटं.

बाराव्या लेव्हलला मनोऱ्यावर चढत जायचं, फरश्या कोसळत असतात, आणि वर तो भेटतो. समोरासमोर. तलवार काढलेली.

आम्ही त्याला मारलं. म्हणजे मी पुढे-मागे करत होतो आणि छोटी शिफ्ट. पण त्याला एक वार बसला की आपलाही एक त्रिकोण कमी. पहिल्यांदा वाटलं त्याचाही वार लागला असेल. दुसऱ्यांदा नीट बघितलं. त्याचा शेवटचा त्रिकोण गेला आणि आपलाही, दोघं एकदमच आडवे. परत मनोरा, परत फरश्या. आठवडाभर हेच. मी म्हणायचो तू उशिरा दाबतेस, ती म्हणायची तू जवळ नेत नाहीस. कीबोर्डवर जिरावणाची (पोह्यांवर घालतात तो इंदुरी मसाला) पिवळी बोटं उमटलेली, वेळ संपत आलेला, आणि त्यात एका शनिवारी, मला पक्कं आठवतं कारण बाबा खाली स्कूटर पुसत होते, तो समोर आला आणि छोटीने शिफ्टवरून हात काढून मांडीखाली घातला.

"मार ना!"

"मी नाही मारणार."

"अगं मार, तो मारेल."

"तो नाही मारत आधी. बघ तू. आपण मारतो म्हणून मारतो. आणि तो प्रिन्सच आहे ना दादा, आरशातला. त्याला मारलं की आपण मरतो, एवढं कळत नाही?"

मी तिला ढकलून स्वतः शिफ्ट दाबायला गेलो, तिने माझा हात धरला, मी दुसऱ्या हाताने तिचा धरला, कोपर सगळं कीबोर्डवर, आणि त्या झटापटीत खालचा बाण दाबला गेला. प्रिन्सने तलवार म्यानात घातली.

आणि समोरच्यानेही घातली.

आम्ही दोघं तसेच, तिचं मनगट माझ्या हातात. मग मी हळूच पुढचा बाण दाबला. प्रिन्स पुढे आला तसा तोही आला, आणि दोघं एकमेकांत शिरले, स्क्रीन लखकन चमकली, आणि आता तिथे एकच होता.

पुढे काय करायचं ते परत कळेना, समोर नुसती पोकळी. चार वेळा पडलो. शेवटी छोटी म्हणाली नुसता पळ, उडी नको मारू, आणि पळालो तर पायाखाली एकेक फरशी आपोआप उमटत गेली. त्या दिवशी जाफरपर्यंत पोचलो पण वेळ संपला. पुढच्या रविवारी जिंकलो, नीट, मेगाहिटशिवाय. राजकन्या धावत येऊन गळ्यात पडते, मागून उंदीर येतो, झालं. छोटीने उंदरासाठी टाळ्या वाजवल्या. पण सांगायचं म्हणजे जिंकल्याचा तो रविवार मला धूसर आठवतो, तो शनिवार अजून लख्ख आहे.

आता यातली गंमत ऐका, जी मला त्या साडेअकराच्या फोनच्या वेळी कळली. हा सावलीवाला मेकनरच्या मूळ बेतात नव्हताच. त्याला शत्रू नकोच होते, खड्डे-खिळे-दारं एवढंच, आणि तोवर मशीनची मेमरीही संपलेली, नवीन माणसाची चित्रं घालायला जागाच नाही. पण बरोबर काम करणारी एक मैत्रीण हात धुऊन पाठी लागली की यात लढाई पाहिजे, नाहीतर मजा नाही. मग त्याने केलं काय, तर प्रिन्सचीच चित्रं घेतली, तीच एका बिटने सरकवून स्वतःवरच एक्सॉर केली (ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं ते ओळखतील, दोन बिट सारखे तर शून्य, वेगळे तर एक), की तो झिरमिळ्या भुतासारखा आकार तयार. जागा जवळपास लागलीच नाही. आणि मग तो आकार प्रिन्ससारखाच दिसतो म्हटल्यावर आरसा आला, आणि आरशातून गोष्ट. शिपाई घालायला जागा त्याने नंतर खरडून खरडून काढली. मी रोज इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या एका ऑफिसात बसून कोड लिहितो, आमच्याकडे जरा काही अडलं की सर्व्हर वाढवून मागतात, त्यामुळे मला ही गोष्ट आठवून आठवून मजा येते. पैसे नसलेल्या घरात आई उरलेल्या भाताचा जो काही पदार्थ करते आणि पाहुणे रेसिपी मागतात, त्यातला प्रकार.

या गेमचा मूळ सोर्स कोडसुद्धा हरवला होता. २०१२ मधे मेकनरच्या वडिलांना, त्याच संगीतवाल्या, घरातल्या कपाटात एक खोकं सापडलं, त्यात त्या जुन्या फ्लॉप्या. वीस-बावीस वर्षांच्या फ्लॉप्या वाचायच्या म्हणजे काय दिव्य असतं ते आम्हाला विचारा, आमची "मार्च हिशोब" तर चार वर्षांत बुरशी धरून गेली. पण त्यांच्या वाचल्या गेल्या आणि त्याने तो कोड गिटहबवर (प्रोग्रॅमर लोक कोड ठेवतात ती साइट) सगळ्यांसाठी टाकून दिला. मी उघडून बघितला, निव्वळ असेंब्ली भाषा, म्हणजे माणसापेक्षा मशीनच्या जवळची, दहा मिनिटांत डोळे फिरले. पण त्यात कुठेतरी तो बारावा मनोरा आहे, आणि खालचा बाण दाबला की दोघांनी तलवार आत घालायची ही ओळ आहे, एवढ्यावर समाधान मानलं.

छोटीचं म्हणणं विचाराल तर अजूनही, ते मी शोधलं. माझं म्हणणं, बाण माझ्या कोपराने दाबला. हे भांडण तिच्या लग्नातसुद्धा झालंय, हळदीला, गुरुजी थांबले होते.

भाऊबीजेनंतर मंडळी वडोदऱ्याला परत गेली. मला वाटलं भाचा विसरला असेल. परवा रात्री व्हिडिओ कॉल, लॅपटॉपचा स्क्रीनच माझ्यासमोर धरलेला.

"मामा, हा चीटर कोण आहे? माझी बाटली पिऊन गेला आणि आता दार बंद करून मला पाडलं!"

म्हटलं वा, सहावी लेव्हल.

"याला मी मारणारच आहे. कुठल्या लेव्हलला मिळतो सांग फक्त."

मागे स्वयंपाकघरातून छोटीचा आवाज आला, "सांगू का रे दादा त्याला?" मी एवढ्या जोरात नाही म्हणालो की आमच्याकडे आई जागी झाली. मग त्याला विचारलं, शिफ्ट कोण दाबतंय? त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणे मीच, दोन्ही मीच, एकटाच तर खेळतोय.

तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा, आणि छोटी म्हणाली, "सरक तिकडे."